शाळेचं नाटक, एप्रिल ते मार्च: गोव्यातल्या शिक्षकांसाठी वर्षभराची आखणी

आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत नाटकाची आठवण नोव्हेंबरात होते. गॅदरिंगची तारीख ठरते, स्टाफरूममध्ये "यंदा नाटक कोण बसवणार?" असा प्रश्न येतो आणि तीन आठवड्यांच्या धावपळीत काहीतरी उभं केलं जातं. मीही पहिली काही वर्षं असंच केलं. दरवर्षी तीच सहा-सात धीट मुलं पुढे यायची आणि बाकीची टाळ्या वाजवायला उरायची. पाठांतर कच्चं, आवाज सगळा माइकच्या भरवशावर.

मी फोंडा तालुक्यात शिकवते. इथे जवळपास प्रत्येक मुलाच्या घरातल्या कोणीतरी देवळाच्या उत्सवात तोंडाला रंग लावलेला असतो. जत्रेच्या रात्री नाटक बघता बघता आईच्या मांडीवर झोपून गेलेली ही मुलं. त्यांच्या हातात आपण वर्षातले फक्त तीन आठवडे ठेवतो, हे मला सहन होईना. म्हणून नाटक वर्षभराचं केलं. ते कसं चालतं, ते महिन्यांच्या क्रमाने लिहिते. तुमची शाळा बार्देशातली असो की काणकोणातली, थोडाफार फरक करून हीच आखणी चालेल.

एप्रिल: निवड नको, ओळख हवी

हायस्कूलच्या वर्गांचं नवं वर्ष आता एप्रिलमध्येच सुरू होतं. मेच्या सुट्टीआधीचे हे दिवस अभ्यासाचा भार चढायच्या आतले असतात, ते वाया घालवू नका. "ज्यांना नाटकात काम करायचंय त्यांनी हात वर करा" असं मात्र विचारू नका. हात तेच वर होतात.

त्याऐवजी प्रत्येक वर्गात एकेक तास मागून घ्या आणि खेळ घ्या. आरशाचा खेळ (समोरच्याची हुबेहूब नक्कल), न बोलता मासळी बाजार उभा करणं, एकाने सुरू केलेली गोष्ट दुसऱ्याने पुढे नेणं. तुम्ही फक्त बघत राहा आणि वहीत टिपून ठेवा: कोण ऐकतो, कोण दुसऱ्याला जागा देतो, कोणाला वेळेचं भान आहे. नंतर प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारा: घरी, वाड्यावर (म्हणजे वस्तीत) तू काय करतोस? या उत्तरांतूनच आमचा सगळा नाट्यविभाग उभा राहिला. कोणी चतुर्थीत घुमट (मातीच्या मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य) वाजवतो, कोणी भजनात पेटीवर बसतो. कोणाची आई शिवणकाम करते, म्हणून मुलीला टाके घालता येतात. कोणी दरवर्षी दिवाळीला वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा बांधतो. ही सगळी मुलं नाटकाची. यादी तीसच्या आसपास जाऊ द्या. रंगमंचावर दहा दिसतील, पण काम सगळ्यांना पुरेल.

याच महिन्यात एक रुक्ष काम उरकून घ्या, नाहीतर तेच वर्षभर नडतं. शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटते आणि लांबची मुलं बालरथाने (शाळेच्या बसने) जातात. बालरथ चुकला की पुढच्या बसची खात्री नाही. त्यामुळे शाळा सुटल्यावर रोज तालीम हे कागदावरच राहतं. आम्ही आठवड्यातून एक दिवस जवळच्या मुलांची तालीम ठेवतो आणि शनिवारी सगळ्यांची. पालकांना तारखांसकट पत्र देतो, शनिवारी मुलांना जास्तीचा डबा आणायला सांगतो. उपाशी मुलाकडून भावना काढता येत नाहीत.

मे: संहिता

सुट्टीत वाचन तुमचं. वीसेक संहिता वाचाल तेव्हा एखादी सापडेल. मी चार गोष्टी बघते. पात्रं किती आणि त्यातली मुलींची किती? एका मुख्य पात्राच्या जिवावर नाटक चालतंय का? तसं असेल तर ती संहिता बाजूला ठेवते, कारण तो मुलगा प्रयोगाच्या दिवशी तापाने फणफणला की सगळं कोसळतं. नेपथ्य एकाच जागी भागतं का? आणि शेवटची गोष्ट, मुलांच्या तोंडी मोठ्यांचा उपदेश घातलाय का? बालनाट्य म्हणून छापलेल्या कितीतरी संहितांत शेवटच्या पानावर एखादं झाड किंवा म्हातारा येऊन भाषण देतो. मुलांना ते म्हणताना लाज वाटते आणि ती चेहऱ्यावर दिसते.

लांबी ४० ते ४५ मिनिटं पुरे. मोठ्या नटांना एका टाइप केलेल्या पानाला दीड मिनिट लागत असेल, तर शाळेच्या मुलांना दोन मिनिटं धरा. म्हणजे २०-२२ पानं.

परवानगीचा मुद्दा बहुतेक शाळा सोडून देतात. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे शाळेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात केलेला प्रयोग, प्रेक्षक फक्त शाळेचे लोक, पालक आणि शाळेशी थेट संबंध असलेली माणसं असतील तर, लेखकाच्या हक्काचा भंग ठरत नाही. म्हणजे गॅदरिंगला अडचण नाही. पण तेच नाटक स्पर्धेत नेलंत, गावच्या उत्सवात केलंत किंवा तिकीट लावलंत, तर लेखकाची लेखी परवानगी घ्याच. हा हक्क लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं टिकतो. पत्र मेमध्येच पाठवा, उत्तराला वेळ लागतो. आणि परवानगी लागो वा न लागो, लेखकाचं नाव पडदा उघडण्यापूर्वी मोठ्याने घ्या. मुलांना कळू द्या की हे शब्द कोणीतरी बसून लिहिलेत.

जून आणि जुलै: पाऊस, आवाज आणि भाषा

वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे महिने हे. बाहेर झोडपून पाऊस, मैदान बंद, वर्गावर पत्रे असतील तर एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही. आम्ही या आवाजालाच कामाला लावतो. वर्गाच्या एका टोकाला एक मूल उभं करायचं आणि दुसऱ्या टोकाला चौघं वही घेऊन. पहिल्याने साध्या आवाजात पाच वाक्यं म्हणायची, चौघांनी ऐकू आलं तेवढंच लिहायचं. किंचाळायला बंदी. किंचाळलं की घसा बसतो आणि शब्दही फाटतात. पोटातून श्वास, जबडा मोकळा, आणि बोलायचं ते समोरच्या भिंतीला.

या खेळातून दरवर्षी एकच दोष वर येतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मुलं वाक्याचा शेवट गिळतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच. "मी त्याला तिथे पाहिलं नाही" यातला 'नाही' गिळला की अर्थ उलटा. एकदा चारही वह्यांत "मी त्याला तिथे पाहिलं" एवढंच उतरलं होतं. ते वाचून दाखवल्यावर सातवीतली ती मुलगी स्वतःच म्हणाली, "टीचर, म्हणजे मी साक्षच फिरवली!" त्या दिवसापासून तिचा शेवटचा शब्द कधी पडला नाही. प्रत्येक संवादाच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा. एवढ्याने निम्मं काम होतं.

आता भाषेबद्दल. आमची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात, पाचवीपासून माध्यम इंग्रजी आणि मराठी फक्त एक विषय. घरी, रस्त्यावर, मैदानात कोंकणी. त्यामुळे संहितेतली मराठी त्यांना वाचता येते, पण ती बोलण्याची सवय नसते. कोंकणीत मुलीला 'तें' म्हणतात, म्हणून "ती आली"च्या जागी पटकन "ती आलं" निघतं. हेल कोंकणीचा येतो. अशा वेळी मुलांना हसू नका आणि दुसऱ्यांनाही हसू देऊ नका. जी भाषा मूल आईकडून घेऊन आलंय तिची थट्टा झाली, तर ते मूल रंगमंचावर पुन्हा तोंड उघडणार नाही.

मी उलट करते. वाक्य आधी कोंकणीत म्हणून घ्यायचं. आठवीतली एक मुलगी "मला तुझ्याशी बोलायचंच नाही" हे वाक्य पाढे म्हटल्यासारखं म्हणत होती. तिला म्हटलं, "बाय, हे तू तुझ्या भावाला घरी कसं सांगशील?" ती क्षणभर थांबली, मान वळवली आणि म्हणाली, "म्हाका तुजेकडेन उलोवपाचेंच ना!" त्यात राग होता, मान होती, हात होता, सगळं होतं. मग म्हटलं, आता हात तोच, मान तीच, फक्त शब्द मराठी. वाक्य जागच्या जागी बसलं. अर्थ आधी आपल्या भाषेत अंगात शिरतो, शुद्ध उच्चार त्यामागून येतात. एखाद्या पात्राला कोंकणी शोभत असेल, तर त्याचे संवाद कोंकणीत ठेवायलाही हरकत नाही. मात्र संहिता दुसऱ्याची असेल तर लेखकाला विचारून.

जुलैअखेरपर्यंत फक्त वाचन. वर्तुळात बसून, दरवेळी भूमिका बदलून. सगळ्यांनी सगळ्यांचे संवाद वाचले की दोन फायदे होतात: बदली नट आपोआप तयार होतो, आणि कोणाला काय द्यायचं ते मुलांनाच दिसायला लागतं.

ऑगस्ट: भूमिका आणि हालचाली

भूमिकांची यादी फळ्यावर लावू नका, प्रत्येकाला बोलावून सांगा. ज्याला हवी ती भूमिका मिळाली नाही त्याला कारणही सांगा, आणि त्याच्याकडे असलेल्या कामाचं महत्त्वसुद्धा. प्रॉम्प्टर (विसरलेला संवाद विंगेतून सुचवणारा), प्रॉपर्टी सांभाळणारा, पडदा ओढणारा, संगीतवाला, रंगपटातला मदतनीस अशी सगळी नावं नटांच्या नावांबरोबर एकाच यादीत, त्याच अक्षरांत लिहा.

प्रॉम्प्टर नीट निवडा. आमच्याकडे जिला स्वतः पुढे यायचं नसतं, पण सगळ्यांचे संवाद पाठ असतात, अशी एखादी मुलगी दरवर्षी असते. तिच्या हाती नाटकाची वही द्यायची. जाड, दोनशे पानी. उजव्या पानावर संहिता चिकटवलेली, डाव्या पानावर हालचाली, पेन्सिलीने: कोण कुठून आला, कितव्या शब्दाला बसला, प्याला कोणत्या हातात. शाईने लिहू नका, हालचाली बदलतात.

हालचाली बसवण्यापूर्वी प्रयोगाच्या रंगमंचाची लांबी-रुंदी मोजून आणा आणि तेवढा चौकोन वर्गात खडूने आखा. हे टाळलं की वर्गात मोकळं फिरणारं नाटक शाळेच्या छोट्या स्टेजवर गुदमरतं किंवा मोठ्या नाट्यगृहात हरवून जातं.

चतुर्थी ते दिवाळी

चतुर्थीच्या सुट्टीत तालमी ठेवू नका. मुलं मूळ घरी जातात, माटोळी (गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट) बांधतात, वाड्यावर घरोघरी आरत्या म्हणतात. जाताना फक्त पाठांतर सांगा. घुमट वाजवणाऱ्यांना मात्र वेगळं काम द्या: नाटकातल्या तीन प्रसंगांसाठी तीन ठेके शोधून आणा. मोबाइलवरून लावलेल्या तयार संगीतापेक्षा विंगेत बसून वाजवलेलं घुमट आणि कासाळं (झांज) कितीतरी जिवंत वाटतं. नटाने थोडा वेळ घेतला तर वाजवणाराही थांबतो, रेकॉर्डिंग थांबत नाही. घुमट आता राज्याचं वारसा वाद्य आहे. घोरपडीचं कातडं कायद्याने चालत नाही, बकऱ्याच्या कातड्याचंच घ्या.

सुट्टीनंतर संहिता हातातून काढून घ्या. पहिले दोन शनिवार भयंकर जातात, जाऊ द्या. मग सहामाही परीक्षा. परीक्षेआधी दोन आठवडे तालीम बंद, या बाबतीत मी कधीच तडजोड करत नाही. "नाटकामुळे मार्क गेले" असं एका पालकाने म्हटलं की पुढच्या वर्षी दहा मुलं कमी होतात.

दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. बांबूचा सांगाडा, वर सुकं गवत, जुनी वर्तमानपत्रं, खळीने चिकटवलेला कागद, मग रंग. नेपथ्य म्हणून आपल्याला दुसरं काय हवं असतं? झाड, खडक, राक्षसाचा मुखवटा, देवळाचा खांब, हे सगळं याच हातांना येतं. एप्रिलच्या वहीत ज्याच्या नावापुढे 'नरकासुर' लिहिलं होतं, त्याला आता नेपथ्यप्रमुख करा. आमच्याकडे वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने दोन बांबू आणि सुंभाच्या जोरावर आठ फुटी वड उभा केला. पारंब्या सुंभ सोडवूनच केलेल्या. विंगेतून दोघांनी उचलून आणता येईल इतका तो हलका होता. भाड्याच्या प्लायवूडच्या फ्लॅट्सवर शाळेने पैसे घालवावेत असं मला वाटत नाही.

नोव्हेंबर: दिवे, कपडे, सलग तालमी

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केलं, त्याची ही आठवण. त्या सुमाराला सुट्टी असली तर शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी रंगमंचाची पूजा करतो, नारळ वाढवतो आणि नाटक पहिल्यांदा सलग करतो. चुकलं तरी थांबायचं नाही. दीनानाथ मंगेशकर इथल्याच मंगेशीचे, हेही मुलांना त्या दिवशी सांगते. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचे प्रयोग जवळपास असतील तेव्हा मुलांना घेऊन जा. मोठ्यांचं नाटक विंगेपासून घंटेपर्यंत कसं चालतं, ते बघायला मिळतं.

दिव्यांचं गणित शिक्षकाला आलंच पाहिजे. १००० वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपियर वीज घेतो. म्हणजे १५ अँपियरच्या एका सॉकेटवर असे तीनच. चौथा लावलात की भार १७ अँपियरच्या वर जातो. वर्गातल्या पंख्याच्या ५-६ अँपियरच्या पॉइंटवर एकसुद्धा लावून ठेवू नये. एका वर्षी भाड्याने आलेल्या माणसाने एकाच बोर्डावरून चार दिवे जोडले आणि दुसऱ्या प्रवेशात अंधार झाला. मुलं अंधारातही बोलत राहिली, पुढच्या रांगेतल्या पालकांनी मोबाइलचे दिवे धरले आणि प्रवेश पुरा झाला. जुलैमधला पत्र्याखालचा आवाज त्या रात्री कामाला आला. पण वायर तापली होती, ते आठवलं की अजून काळजात धस्स होतं. आता एलईडी पार (रंगमंचाचे एलईडी दिवे) मागवा. प्रत्येकाला १५०-२०० वॅट पुरतात, तापत नाहीत आणि रंगासाठी दिव्यापुढचं जिलेटीन बदलावं लागत नाही. जोडणी शाळेच्या ओळखीच्या वायरमनकडूनच करून घ्या.

कपडे घरातले: आजीची नऊवारी, मामाचं धोतर. यादी करा, प्रत्येक कपड्यावर नावाची चिठ्ठी टाचा, प्रयोगानंतर इस्त्री करून परत. रंगभूषेसाठी गावात उत्सवी नाटकांना रंग लावणारे कोणीतरी असतात, त्यांना बोलवा. मुलांची कातडी नाजूक, म्हणून आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून बघा. दाढी-मिशीचा गोंद लहानांना नकोच, काजळाने रेखलेली मिशी पुरते.

डिसेंबर: रंगीत तालीम आणि प्रयोग

मोठं नाट्यगृह घेणार असाल तर तारीख फार आधी धरावी लागते. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव-साखळीची रवींद्र भवनं डिसेंबर-जानेवारीत गजबजलेली असतात. तिथे रंगीत तालमीला वेळ मिळत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: शाळेच्या मांडवातच करा. परक्या रंगमंचावर पहिल्यांदाच उभं राहून थेट प्रयोग करायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे.

रंगीत तालीम दोन दिवस आधी, संपूर्ण. कपडे, रंग, दिवे, घुमट, पडदा. प्रेक्षक म्हणून पाचवीचा वर्ग बसवा. पाचवीची मुलं जिथे चुळबुळ करतील तिथे नाटक लांबलंय, तिथल्या दोन ओळी त्याच दिवशी कापा.

प्रयोगाच्या दिवशी मी रंगपटात एकच नियम लावते: सूचना आता बंद. अभिनयाबद्दल कोणी काही सुधारून सांगायचं नाही, मीसुद्धा नाही. कोमट पाणी, हलकं खाणं, पहिल्या घंटेला सगळ्यांनी आपापली प्रॉपर्टी हातात घेऊन बघायची, दुसरीला जागेवर, तिसरीला शांत. डिसेंबरची रात्र, मांडवात दव पडतं, मुलांचे गळे धरतात, म्हणून शाली जवळ ठेवा. प्रयोगभर तुम्ही समोर बसा. विंग मुलांच्या ताब्यात द्या. पडद्यामागे शिक्षक उभे असले की नट तिकडेच बघत राहतो.

शेवटी पडदा उघडून सगळ्यांना बाहेर आणा, वड बांधणाऱ्याला आणि पडदा ओढणाऱ्यालाही. नावं एकेक घ्या. त्यात दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

जानेवारी ते मार्च

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवसापासूनच आवराआवर. कपडे धुऊन उन्हात, परत करायचे ते परत. शाळेचे असतील ते ट्रंकेत, कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून. गोव्याच्या पावसात ट्रंक जमिनीवर ठेवलीत तर जुलैत बुरशीच हाती लागेल, म्हणून दोन विटांवर ठेवा. दिव्यांचं भाडं, मांडव, रंग यांचा हिशेब एका पानावर लिहून मुख्याध्यापकांकडे द्या. पुढच्या वर्षी पैसे मागताना हे पान तुमच्या बाजूने बोलतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सगळ्यांना वर्तुळात बसवा, जुलैत बसत होतो तसंच. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची: पुढच्या वर्षी काय वेगळं करायचं. मुलं फार नेमकं बोलतात. "दुसऱ्या प्रवेशात मला कपडे बदलायला वेळच नव्हता" हे प्रॉम्प्टरच्या वहीत नव्हतं, माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मग दहावीची मुलं बोर्डाच्या अभ्यासाला लागतात. त्यांच्या निरोपाच्या दिवशी आमच्याकडे एक रीत पडली आहे. दहावीची प्रॉम्प्टर नववीतल्या नव्या प्रॉम्प्टरला ट्रंकेची किल्ली आणि एक कोरी, दोनशे पानी वही देते. गेल्या मार्चमध्ये किल्ली घेणारी मुलगी तीच होती, साक्ष फिरवणारी. तिने वही उघडली, पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख घातली आणि विचारलं, "टीचर, एप्रिलमध्ये कितवीपासून सुरू करायचं?"